इटलीतल्या एकाच गावात आठ दिवस: ऑर्टिसेई, आल्पे दि सिउसी आणि हुकलेली शेवटची केबल कार

रानजाई

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथल्या धाग्यांवरून फुकट माहिती गोळा करत आले, आता थोडी परतफेड.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही सहाजण इटलीला जाऊन आलो. सासू-सासरे (६८ आणि ७३), आम्ही दोघं, लेक (१२) आणि धाकटा (७). रोम नाही, व्हेनिस नाही, पिसाचा मनोरा तर नाहीच. आठच्या आठ रात्री एकाच गावात काढल्या. 'एवढे पैसे घालून रोम न बघता आले' ही चर्चा नातेवाइकांत अजून चालू आहे.

कारण म्हणजे बाबांचे गुडघे. तिकिटं काढायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं होतं, "रोज बॅगा भरायच्या आणि रोज नवा संडास शोधायचा असेल तर मी घरीच बरा." मग अटी ठरल्या: एकच मुक्काम, घरात स्वयंपाकघर, चालत जाता येईल अशी केबल कार, आणि गाडी भाड्याने घ्यायची वेळ येऊ नये. त्या अटींत ऑर्टिसेई बसलं. उत्तर इटलीत, डोलोमाइट डोंगरांमध्ये, वाल गार्डेना नावाच्या खोऱ्यात, १,२३६ मीटरवर. मुंबईहून विमानाने म्युनिक, तिथून ब्रेनर खिंडीतून येणारी रेल्वे, ब्रेसानोनेला उतरून बस.

पहिला धक्का असा, की इटलीतल्या गावात इटालियन ऐकू येईना. धाकट्याने विमानात 'ग्रात्सिए' (म्हणजे धन्यवाद) घोकून ठेवलं होतं. पहिल्याच बेकरीत म्हणून दाखवलं, तर काउंटरवरच्या बाईंनी हसून जर्मनमध्ये उत्तर दिलं. गावाच्या पाटीवर तीन नावं: इटालियनमध्ये ऑर्टिसेई, जर्मनमध्ये सांक्ट उलरिश आणि लादिनमध्ये उर्तिजेई. लादिन ही तिथली मूळ भाषा, लॅटिनपासून निघालेली, आणि गावात बहुतेकांच्या घरात तीच बोलतात. हा सगळा मुलूख पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा होता, १९१९ च्या तहानंतर इटलीत गेला. त्यामुळे घरं टायरोली (टायरोल हा आल्प्समधला ऑस्ट्रियाचा जुना प्रांत), खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या, जेवणात पिझ्झाइतकाच श्ट्रूडेल, आणि कॉफी मात्र अस्सल इटालियन. दोन्हीकडचं चांगलं तेवढं उचललंय म्हणा ना.

गावाचा जुना धंदा लाकडावरच्या कोरीव कामाचा, सतराव्या शतकापासूनचा. आई एका दुकानात अर्धा तास उभ्या होत्या. तळहाताएवढी मेंढी, तिच्या पाठीवरच्या लोकरीचा वळसा न वळसा वेगळा. किंमत बघून मेंढी अलगद होती तिथे ठेवली आणि मला म्हणाल्या, "सावंतवाडीची लाकडी फळं आठवली गं."

रोजचा कार्यक्रम असा काही नव्हता. सकाळी पोहे किंवा उपमा (रवा, पोहे, गोडा मसाला इथूनच नेलेला), मग बाबांना घेऊन जुन्या रेल्वेच्या वाटेवर फेरी. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियन सैन्याने युद्धकैद्यांकडून, मुख्यतः रशियन कैद्यांकडून, या खोऱ्यात छोटी रेल्वे बांधून घेतली. १९६० मध्ये ती बंद पडली आणि आता रुळांच्या जागी चालायची सपाट वाट आहे. गुडघेवाल्यांसाठी याहून चांगली सोय नाही.

आता डोंगराचा दिवस. धागा खरं तर याच्यासाठीच काढलाय.

चौथ्या दिवशी आभाळ लख्ख होतं. केबल कारने गावातून काही मिनिटांत २,००० मीटरवर पोचलो. बाबा खूश, "कळसूबाई बसल्या बसल्या ओलांडली!" (कळसूबाई १,६४६.) वर आल्पे दि सिउसी. युरोपातलं सर्वांत मोठं डोंगरमाथ्यावरचं कुरण, सुमारे ५६ चौरस किलोमीटर. कास पठार कल्पनेत आणा, ते हवं तितकं ताणा, कडेला बर्फाचे पट्टे असलेले ३,००० मीटरचे उघडे सुळके उभे करा, आणि मध्ये घंटा वाजवत फिरणाऱ्या गाई सोडा. समोर सास्सोलुंगो, ३,१८१ मीटर. नावाचा अर्थ सरळ 'लांब दगड'. आपल्याकडे याला नक्की काहीतरी देवाचं नाव पडलं असतं.

फुलं बघून धाकटा गवतात धावत सुटला आणि एका शेतकऱ्याने लांबूनच ओरडून बाहेर काढला. तिथे ते गवत म्हणजे पीक, हिवाळ्यासाठी कापून वाळवायचं. आपण भाताच्या खाचरात नाचू का? वाट सोडायची नाही.

बेत असा होता, की रमतगमत खाली जायचं, एका हुट्टेत (म्हणजे डोंगरावरची खाणावळ) जेवायचं, तीनपर्यंत परत. जाताना उतार म्हणजे येताना चढ, हे आम्हा सह्याद्रीतल्या लोकांना वेगळं सांगायला नको होतं. पण त्या हिरवळीवर सगळं सपाटच वाटतं.

जेवण उरकलं आणि अडीचच्या सुमाराला शिलियार डोंगराच्या मागून ढग आले. दहा मिनिटांत अंधार, मग गारा. हुट्टेचा पत्रा असा वाजत होता की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. अडकलो दोन तास.

या दोन तासांत आईंनी हुट्टेच्या मालकीणबाईंशी दोस्ती केली. आईंना मराठी आणि कामापुरतं हिंदी, त्यांना जर्मन, लादिन, इटालियन. विषय क्न्यॉडेल. शिळ्या पावाचे तुकडे दुधात भिजवून, अंडं घालून, लाडू वळून उकडतात. बाईंनी आईंना ओट्याशीच नेलं. आईंनी एक लाडू वळून दाखवला, बाईंनी तो हातात घेऊन चेपला, नापसंतीने मान हलवली आणि पुन्हा वळला. मोदकाच्या उकडीवरून मला जी मान बघायला मिळते, तीच मान! लग्नाला चौदा वर्षं झाली, आईंची परीक्षा दुसरं कुणी घेताना प्रथमच पाहिलं.

पावणेपाचला पाऊस थांबला. वाट निसरडी, बाबांची दर शंभर पावलांवर बैठक. केबल कारपाशी पोचलो तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं. शेवटची फेरी सहाची. दारावरची पाटी तीन भाषांत होती आणि तिन्हींत 'बंद' लिहिलेलं होतं.

पायी खाली जायची वाट आहे, पण साडेसातशे मीटरचा उतार, ओला, आणि ते गुडघे. हुट्टेच्या बिलावर फोन नंबर होता, तो लावला. मालकीणबाईंनी कुणाला तरी सांगून टॅक्सी ठरवली. मात्र ती रिकामी होईपर्यंत पावणेनऊ वाजणार होते, आणि गाडी जवळच्या हॉटेलपर्यंतच येते. त्या हॉटेलच्या पडवीत सगळे एकाच शालीत.

आणि मग साडेआठनंतर सास्सोलुंगो आधी पिवळा, मग केशरी, मग अगदी डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. याला लादिनमध्ये एनरोसादीरा म्हणतात, गुलाबी होणं. लेकीने गोष्ट सांगितली (खरं तर ती शेजारच्या कातिनाच्चो डोंगराची). लाउरीन नावाचा बुटक्यांचा राजा, त्याची गुलाबांची बाग. शत्रूने पकडल्यावर त्याने बागेला शाप दिला, की ही ना दिवसा कुणाला दिसेल, ना रात्री. पण संध्याकाळ सांगायची राहिली. बाबा ताडकन म्हणाले, "अरे, हा तर हिरण्यकशिपू!"

टॅक्सीला १२० युरो पडले. आईंनी लगेच हिशेब केला, "बारा हजारांचा सूर्यास्त." गाडीत बसल्यावर सगळे झोपले, मी सोडून.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देते. प्रकाशचित्रं उद्या टाकते.

---

चकोल्या

मस्त लिहिलंयस! आईंची परीक्षा वाचून फुटले. आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. तिथे भागेल का? आणि क्न्यॉडेलची पाककृती (पाकृ) हवीच.

---

म्युनिककर

छान वर्णन. आम्ही दर उन्हाळ्यात तिकडे जातो, म्हणून थोडी भर.

१. डोलोमाइटमध्ये उन्हाळ्यात दुपारी वीज-पाऊस हे रोजचंच समजा. आम्ही सात-साडेसातला घर सोडतो आणि दोनच्या आत खाली. तुम्ही जेवण उरकून निघणार होतात, तिथेच चुकलात.

२. शेवटच्या फेरीची वेळ हंगामाप्रमाणे बदलते. खालच्या स्टेशनावर लावलेली असते, सकाळीच तिचा फोटो काढून ठेवायचा.

३. आल्पे दि सिउसीवर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ खासगी गाड्यांना बंदी असते. वर राहणाऱ्या पाहुण्यांना वेगळे नियम. गाडी घेऊन गेलेल्यांनी हे लक्षात ठेवा.

४. दक्षिण टायरोलात (म्हणजे याच भागात) बऱ्याच राहण्याच्या ठिकाणी पाहुण्यांना बस-रेल्वेचा मोफत पास मिळतो. घर ठरवतानाच विचारा.

---

रानजाई

@म्युनिककर, मान्य आहे हो. सातला निघायचं मीही ठरवलं होतं. पण सातला आमच्याकडे एकाचा चहा, एकाची पूजा, एकाचं 'माझा बूट कुठाय'. पास आम्हाला मिळाला होता, ब्रेसानोनेची आणि बोल्झानोची चक्कर त्यातच झाली.

@चकोल्या, घरी स्वयंपाकघर असेल तर भागेल. बाहेर नीट विचारावं लागतं. क्न्यॉडेलमध्ये बहुतेक वेळा श्पेक म्हणजे डुकराचं धुरावलेलं मांस असतं, जवाच्या सूपमध्येही असतंच. पालकाचे आणि चीजचे मिळतात, पण अंडं त्यांतही. ताज्या पास्त्यातही अंडं असतं, तेव्हा सुका पास्ता टोमॅटोच्या रशातला मागायचा. आणि अगदी कडक पाळत असाल तर पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं, तेही बंद. इथून नेताना तूप, पेढे, पनीर नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आईंनी साजूक तुपाची बरणी भरली होती, ती मी शेवटच्या रात्री बॅगेतून काढली. त्याचा उल्लेख अजून होतो.

---

हिशेबी

लेख आवडला, पण पहिल्यांदाच इटलीला जाताना रोम गाळणं मला तरी पटलं नाही. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा हे सगळं धरलं तर सहाजणांना पुन्हा कधी जमणार? आठ दिवस डोंगरच बघायचे तर हिमाचल काय वाईट?

---

रानजाई

हिमाचल मुळीच वाईट नाही, तीनदा झालंय. पण हिमाचलात बाबांना २,००० मीटरवरच्या कुरणात स्वतःच्या पायाने नेणं आम्हाला कधी जमलं नव्हतं. इथे केबल कार, सपाट वाट, दर थोड्या अंतरावर बाक, आणि कुठल्याही हुट्टेत स्वच्छ शौचालय. म्हाताऱ्या माणसांना डोंगर बंद होत जातात, मंडळी. तो परत उघडला याचे मी पैसे दिले असं समजते. रोम लेक तिच्या पैशांनी बघेल.

---

दगडधोंडे

अवांतर, पण राहवत नाही. ते सुळके म्हणजे समुद्राचा तळ आहे! साधारण २४ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ, उबदार समुद्र होता. त्यात प्रवाळ आणि इतर जिवांनी उभारलेली चुनखडीची बेटं, पुढे तिच्यात मॅग्नेशियम मिसळून डोलोमाइट खडक झाला, आणि आल्प्स वर उचलले गेले तेव्हा तीही वर आली. देओदा द दोलोमिय नावाच्या फ्रेंच भूशास्त्रज्ञाने हा खडक वेगळा आहे हे १७९१ मध्ये लिहिलं, म्हणून हे नाव. आपला दख्खनचा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, त्या मानाने पोरगेलाच. आपला खडक काळा, ऊन पिऊन टाकणारा. त्यांचा फिकट, म्हणून संध्याकाळी रंग घेतो. सह्याद्रीत एनरोसादीरा का होत नाही, याचं बरंचसं उत्तर त्यात आहे.

---

रानजाई

@दगडधोंडे, बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणतात, "म्हणजे मी समुद्राच्या तळाशी जाऊन आलो, आणि तेही केबल कारने वर चढून."

---

बेळगावी कुंदा

तीन भाषांच्या पाट्यांचं वाचून आम्हा बेळगावकरांच्या पोटात कालवलं बघा. तिकडे हे सुखासुखी झालेलं नाही. मुसोलिनीच्या काळात जर्मन शाळा बंद केल्या होत्या, गावांची नावं इटालियन करून टाकली होती. १९३९ मध्ये तर हिटलर आणि मुसोलिनीने मिळून लोकांना विचारलं, जर्मन राहायचं असेल तर जर्मनीत जा, नाहीतर इथे राहून इटालियन व्हा. घराघरांत फूट पडली. युद्धानंतर बरीच वर्षं आंदोलनं, बाँबस्फोटसुद्धा झाले. १९७२ च्या स्वायत्ततेच्या कायद्यानंतर गाडी रुळावर आली. आता सरकारी कचेरीत दोन्ही भाषा याव्या लागतात, लादिन खोऱ्यांत तीनही. इकडे आमचं कधी व्हायचं कुणास ठाऊक. असो, धागा भरकटवत नाही. कुंदा तिकडे न्यायला चालेल का? (उत्तर वर आलंच आहे, दूध.)

---

सावरीचा कापूस

सुंदर! त्याच खोऱ्यातली सेचेदा केलीत का? इंस्टावर तोच तो तिरका कडा सतत दिसतो.

---

रानजाई

केली, सहाव्या दिवशी, शहाण्यासारखी. पावणेनऊला केबल कारच्या रांगेत, साडेबाराला घरी वरणभात. गावातूनच दोन टप्प्यांत वर जाते, साधारण २,५०० मीटर. फोटोत दिसतो तसाच आहे तो कडा, एका अंगाला हिरवी उतरण आणि दुसऱ्या अंगाला तोडून टाकल्यासारखा तुटलेला. पण खरं सांगू, तिथे निम्मे लोक कड्याकडे पाठ करून उभे होते, फोनकडे बघत. वारा गार होता. आईंनी साडीवर माझ्या नवऱ्याचं जाकीट, त्यावर शाल आणि पायात ट्रेकिंगचे बूट असा अवतार केला होता. एका जपानी आजींनी त्यांच्यासोबत फोटो काढून घेतला.

---

म्युनिककर

सेचेदावर २०२५ च्या जुलैत जमीनमालकांनी चक्क फिरतं फाटक बसवून माणशी ५ युरो घ्यायला सुरुवात केली होती. कुरण त्यांचं, तुडवणार पर्यटक, आणि पैसा केबल कारला, अशी तक्रार. तुमच्या 'भाताच्या खाचरात नाचू का' वरून आठवलं.

---

अनवाणी

बावळट प्रश्न आहे, पण कुणीतरी विचारायलाच हवा. पाण्याचं काय? दोन्ही प्रकारचं.

---

रानजाई

बावळट कसला, आमच्याकडे पहिली चौकशी याचीच होती. पिण्याचं: गावातल्या कारंज्यांना थेट बाटली लावा, गार आणि गोड. फक्त 'नॉन पोताबिले' (पिण्यायोग्य नाही) अशी पाटी असेल तर लावू नका. दुसरं: इटलीत घरात बिडे (धुण्यासाठीचं बसकं बेसिन) असायलाच हवा असा १९७५ चा नियम आहे. युरोपात बाबा प्रथमच समाधानी दिसले. हुट्टेत मात्र कागदच.

---

हिशेबी

ठीक, गुडघ्यांच्या मुद्द्यावर माघार. व्हिसा कुठला काढलात? उतरलात तर म्युनिकला. आणि विमा?

---

रानजाई

जास्त रात्री ज्या देशात, त्याचा व्हिसा. म्हणून इटलीचा. म्युनिकला उतरताना त्यांनी विचारलं, घराचं आरक्षण दाखवलं, झालं. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतोच, पण डोंगरातून उचलून आणायचा खर्च त्यात धरलाय का ते बारीक अक्षरांत वाचा. आम्ही त्या संध्याकाळी पडवीत बसून वाचला, जे फारच उशिरा होतं. आणीबाणीचा नंबर ११२.

---

पायवाट

इटली आणि मराठी माणूस असा विषय निघालाच आहे तर एक नोंद. पुढच्या खेपेला मध्य इटलीतल्या उंब्रियात गेलात तर मोंतोने गावी जा. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळाला. त्यांच्या स्मरणार्थ मोंतोनेत २०२३ मध्ये सूर्यघड्याळ उभारलं आहे. मराठा पलटणीच्याच नामदेव जाधवांनाही व्हिक्टोरिया क्रॉस इटलीतल्याच लढाईसाठी मिळाला, एप्रिल १९४५ मध्ये, सेनिओ नदीवर.

---

रानजाई

@पायवाट, हे मला अजिबात माहीत नव्हतं. बाबांचे मोठे काका मराठा पलटणीत होते. हे वाचल्यावर त्यांनी नकाशा मागितला आणि विचारलं, "तिथे चढ किती आहे?"

---

चकोल्या

पाकृ राहिली गं. अंडं मी काहीतरी करून टाळेन.

---

रानजाई

@चकोल्या, ऐक तर. शिळा पाव (ताजा चालत नाही, बाईंनी आईंना दोनदा बजावलं होतं) बारीक तुकडे करून कोमट दुधात भिजवायचा, पिळायचा नाही. लोण्यावर परतलेला कांदा, चिरलेला पालक, किसलेलं चीज, मीठ, किंचित जायफळ, एक अंडं आणि धरून येईल एवढाच मैदा. अर्धा तास झाकून ठेवायचं. मग ओल्या हाताने लिंबाएवढे लाडू वळून, उकळी मंद करून त्या पाण्यात पंधरा मिनिटं. वरून वितळवलेलं लोणी.

काल आईंनी घरी केले. पाव दुकानातला मऊ, लादीचा. पाण्यात सोडल्याबरोबर सगळे फुटले. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग आईंनी चाळणीत निथळून कढईत टाकलं, मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, वर लिंबू. बाबांनी दोनदा घेतलं आणि विचारलं, हे त्या बाईंना फोन करून सांगायचं का.